उकंडाच्या घरचं बारसं

'काका, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली सून. मला पहिली मुलगी झाली, आज बावीस दिवसांची आहे. बारसं सव्वा महिन्यावर ठेवलंय. मागच्या वर्षी धाकट्या दिराच्या जात पडताळणीसाठी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जुन्या कोतवाल बुकाची, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढली. त्यात १८९८ सालची एक ओळ निघाली: बाप उकंडा वल्द महादू, जात कुणबी, मुलगी. हा उकंडा म्हणजे मामाजींचा पणजोबा. तेव्हापासून मामाजींनी धरलंय, नात झाली तर नाव त्या काळचंच ठेवायचं, घराण्यातलं. पण कुठलं? नोंदीत त्या मुलीचं नाव नाही, तिच्या मायचंही नाही. ह्यांना अनायरा नाहीतर कियारा पाहिजे. शिवाय उकंडा म्हणजे उकिरडा, आपला बुडा उकिरड्यावर टाकलेला होता हे गावात कळलं तर लोक हसतील, ती नक्कल कोणाला दाखवू नको, असं ते म्हणतात. नणंदेनं मोबाईलवरून दीडशे नावांची यादी पाठवली आहे. मला स्वतःला जुनं नाव आवडेल, पण शाळेत पोरं चिडवतील असं वाटतं. त्या काळी आपल्याकडे लेकरांची नावं कशी ठेवत, कोणती ठेवत, आणि मी काय करू? – एक सून'

पोरी,

आधी उकंडाचं बोलू, कारण तुझ्या नवऱ्याच्या मनातली लाज आणि मामाजींच्या मनातला अभिमान या दोन्हींची गाठ तिथंच आहे.

मी तीसेक वर्षं पटवारी होतो. सरकार तलाठी म्हणायचं, पण आपल्याकडे माणसं अजून पटवारीच म्हणतात. त्या तीस वर्षांत जुनी बुकं उलटताना उकंडा, कचरू, केरू, दगडू, धोंडू, भिका, फकिरा, चिंधू ही नावं इतक्यांदा नजरेखालून गेली की एखाद्याला वाटावं, त्या काळच्या आईबापांना आपल्या पोरांचा राग होता. खरं होतं ते उलटंच. ज्या घरात दोन-तीन लेकरं पाळण्यातच गेली, त्या घरात पुढच्या पोराला असं नाव मिळे. चार-पाच लेकरांमागे एक तरी वर्षाच्या आत जायचं, असा तो काळ. देवी यायच्या, पटकी यायची, डॉक्टर कोसावरही नसायचा. मग सटवाईची, दृष्टीची, कोणाच्या हायेची नजर चुकवायची कशी? तर पोराला इतकं कवडीमोल करून ठेवायचं की त्याच्याकडे कोणी पाहूच नये.

माझ्या पहिल्या साझ्यात, म्हणजे माझ्याकडं असलेल्या गावांत, उकंडा याच नावाचे एक म्हातारे होते. फेरफारावर अंगठा द्यायला आले की चहा घेतल्याशिवाय उठत नसत. त्यांनी आपल्या नावाची गोष्ट मला सांगितली होती, ती जशीच्या तशी सांगतो. त्यांच्या आधीची तीन गेलेली. हे झाले तसं सुईणीनं त्यांना सुपात घातलं, खाली जुनेर, आणि घरामागच्या उकिरड्याच्या कडेला पऱ्हाटीच्या ढिगाजवळ सूप नेऊन ठेवलं. आई दारात उभी. तेवढ्यात चुलती विहिरीवर निघाल्यासारखी घागर घेऊन आली, थबकली, आणि ठरल्याप्रमाणं मोठ्यानं विचारलं, 'कोनाचं वो हे लेकरू?' आईनं म्हणायचं होतं, 'कोनाचं का असंना, माहं नोहे.' ते तीनदा म्हणायचं होतं. मग चुलतीनं सूप उचलायचं, 'मले सापडलं' म्हणायचं, आणि आईनं तिच्याकडून शेरभर जवारी देऊन ते विकत घ्यायचं. झालं. आता ते पोर तिचं नव्हतंच, विकतचं होतं, त्याला न्यायला कोणी आलं तरी पत्ता चुकणार. म्हातारे सांगत होते, 'दोनदा म्हणाली माय. तिसऱ्या बारीले बोलच फुटेना तिचा. चुलतीच म्हने, म्हन वो बाई, म्हन, नाहीतं फुकट जाईन सारं.'

म्हातारे नव्वदीला गेले. फुकट गेलं नाही म्हणायचं.

हे तुझ्या नवऱ्याला एकदा जेवताना सांग. तुमचा उकंडा साधारण १८७० च्या आगेमागे जन्मला असावा. त्याच्या आधी त्या महादूच्या घरात काय झालं ते कोणत्याही बुकात नाही, पण नावातच लिहून ठेवलेलं आहे. आणि तरी लाज वाटत असेल तर त्याला अमरावती आणि नागपूरच्या विद्यापीठांच्या पाट्या वाचायला सांग. एका पाटीवर संत गाडगे बाबा, दुसरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. एक गाडगं आणि एक तुकडा. शेंडगावच्या झिंगराजींचा डेबू १८७६ साली जन्मला, हातातल्या फुटक्या गाडग्यावरून लोकांनी त्याला नाव दिलं. यावलीच्या बंडोजींच्या पोराचं पाळण्यातलं नाव माणिक, इतकं सुंदर, आणि ते सोडून तो तुकड्या झाला. ज्या मुलखात पदवीच्या कागदावर गाडगं आणि तुकडा छापून येतो, तिथं उकिरड्याची लाज कोणी कोणाला घालायची?

त्या नावांच्या घराण्यात आणखी भावंडं आहेत. कोंडू किंवा कोंडाजी म्हणजे मूठभर कोंड्याच्या बदल्यात घेतलेला. नथू म्हणजे पोराचं नाक टोचून त्यात नथ घातलेला, म्हणजे पोरगी आहे असं समजून नजर पुढं जावी. फकिरा म्हणजे पिराला बोललेला, आणि हे नाव चांगल्या माळकऱ्यांच्या घरात सापडतं. धोंडूचं मात्र जरा थांबून पाहावं लागतं. दगडासारखा टिको म्हणूनही धोंडू, आणि अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही धोंडू. मी स्वतः एका धोंडूजींच्या नातवाला त्यांच्या आईच्या दुःखाची मोठी गोष्ट सांगून बसलो होतो. नंतर कळलं, म्हातारे नुसते धोंड्याच्या महिन्यातले.

आता लेकींकडे येतो. इथं माझं मन तितकं प्रसन्न नाही.

पोराला कचरू म्हणत, ते नजरेला फसवायला. पोरीला धोंडी, दगडी म्हणत, त्यातही कधी तसंच असे. पण चिंधी, नकोशी ही नावं कोणाला फसवायला नव्हती. ती जशी ऐकू येतात तशीच मनात होती. पाठोपाठ तिसरी-चौथी लेक झाली की देवाला कळावं, आता पुरे. ही रीत एकोणिसाव्या शतकात संपली असंही समजू नकोस. आपल्या वर्ध्याकडच्या सिंधुताई सपकाळ १९४८ च्या, त्यांना लहानपणी चिंधीच म्हणत. आणि सातारा जिल्ह्यात २०११ साली २८० च्या वर नकोशींची नावं सरकारी समारंभात बदलावी लागली. म्हणून मामाजी जुनं, जुनं म्हणतात तेव्हा त्यांना विचार, जुन्यातलं कोणतं? सगळंच जुनं उचलून पाळण्यात ठेवण्यासारखं नाही.

तुझ्या नोंदीतल्या मुलीला नाव का नाही, याचं कारण साधं आहे. कोतवाल गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी द्यायचा तेव्हा बहुतेक लेकरांचं बारसं झालेलंच नसे. बुकात रकाने असत तारखेचे, बापाच्या नावाचे, जातीचे, मुलगा की मुलगी याचे. लेकराच्या नावाची गरज कोणाला पडली नाही. त्यामुळं पोरांचीही नावं त्यात मिळत नाहीत. फरक इतकाच की पोरगा पुढं मोठा होऊन सातबाऱ्यात, पेरेपत्रकात, कर्जाच्या कागदात 'दौलत वल्द उकंडा' म्हणून उगवतो. पोरगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की तिथं ती कोणाची तरी 'जौजे' होते. वल्द म्हणजे लेक अमक्याचा, जौजे म्हणजे बायको अमक्याची. कित्येकदा नाव गाळून नुसतं जौजे लिहिलेलं मी पाहिलं आहे.

आणि नाव लिहिलं तरी कोणतं लिहायचं? माहेरचं एक, सासरचं दुसरं. कल्याणची यमुना १८६५ ची, लग्नानंतर आनंदी झाली, तीच डॉक्टर आनंदीबाई जोशी. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई माहेरी यमुनाच. ही शहरातली, शिकलेली घरं. खेड्यात तर सासूचं किंवा जावेचं आणि नव्या सुनेचं नाव एक आलं की कोणाला न विचारता सुनेचं बदलून टाकत. वऱ्हाडातल्या ज्या बायांची नावं आपल्याला पाठ आहेत, त्या बहुतेक मोठ्या पोरांच्या आया. गाडगेबाबांच्या सखूबाई, तुकडोजी महाराजांच्या मंजुळाबाई, पंजाबराव देशमुखांच्या राधाबाई. हे पंजाबरावही पापळला १८९८ चेच, तुमच्या त्या बिननावाच्या लेकीच्या बरोबरीचे. स्वतःच्या नावावर उभी राहिलेली बाई शोधायची तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात. १८८२ साली त्यांनी स्त्रियांच्या बाजूनं पुस्तक लिहिलं आणि त्यावर नाव घातलं ते स्वतःचं.

तरी शोधायचंच असेल तर मार्ग आहेत. उकंडा बायकोच्या आधी गेला असेल तर जमिनीच्या जुन्या कागदात 'अमुक बेवा उकंडा' अशी ओळ असू शकते. वारस म्हणून बाईचं नाव लिहावंच लागे. अधिकार अभिलेखाची, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या नोंदीची, नक्कल मागा, ती बहुधा वाचता येईल अशी असते, आधीचं मात्र मोडीत असतं. घरातलं कोणी म्हातारं नाशिक-त्र्यंबकला जाऊन आलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत गावाच्या नावाखाली तुमचं कूळ लावलेलं असेल. आणि कागदाच्या आधी तुझ्या सासूला विचार, अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरताना कोणाकोणाची नावं घेतात? पितरांना पाणी नाव घेऊन द्यावं लागतं. जिथं सरकारनं लिहिलं नाही तिथं कधी कधी घागरीपाशी नाव टिकून राहतं.

त्या काळी लोक नाव निवडत, असं मला फारसं वाटत नाही. नाव येई. वारावरून येई: भंडारा-गडचिरोलीकडच्या कागदात सोमा, मंगरू, बुधा, सुकरू अशी रांगच लागते. कुठून नवसावरून, कुठून जत्रेवरून येई. जोतीराव फुल्यांचं नाव जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मले म्हणून पडलं, असं सांगतात. दुकाळात झालेल्या पोराला लोक दुकाळ्या म्हणत. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा दुसरा, ज्याला जुनी माणसं छप्पनचा काळ म्हणत. उरलेली बहुसंख्य नावं देवाची आणि संतांची: गणपत, महादेव, मारोती, विठोबा, नामदेव, तुकाराम, पुंडलिक, सीताराम, लक्ष्मण, नारायण. आज गल्लीत हाक मारली तर तीन गजानन वळून पाहतात, पण हे नाव वऱ्हाडात पिकलं ते शेगावला १८७८ साली महाराज प्रकट झाले त्यानंतर. त्याआधीच्या पानांत मला ते फार थोडं दिसलं. महानुभावांच्या घरी रिद्धपूरची छाया, म्हणून गोविंद आणि चक्रधर.

आज्याचं नाव नातवाला द्यायचं ही तर पक्की रीत. म्हणून जुनी वंशावळ वाचताना डोकं फिरतं: गणपत वल्द महादेव, महादेव वल्द गणपत, पुन्हा गणपत. दिराच्या कागदात असा घोटाळा झाला असेल तर तारखा लावून पाहा, नावांवर जाऊ नका. आणि यात एक गंमत होती. सून सासऱ्याचं नाव घेत नसे, मग त्याच नावाच्या आपल्या पोराला हाक काय मारणार? म्हणून गणपतचा बाबू होई, महादेवचा नाना होई, आणि मरेपर्यंत त्याचं खरं नाव फक्त पटवाऱ्याला ठाऊक असे. तुझ्या लेकीला मामाजींच्या आईचं नाव दिलंस तर तुझ्या सासूची पंचाईत होणार, हे आधीच सांगून ठेवतो. सासूचं नाव घेऊन 'मेले, चिखलात कुठं चाललीस' असं तिला ओरडता येणार नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. एकच नाव देशमुखाच्या वाड्यात महादेवराव, कुणब्याच्या घरी महादू आणि गावकुसाबाहेर म्हाद्या असं लिहिलं जाई. लिहिणारा माणूस बसल्या जागी दुसऱ्याची पायरी ठरवत असे, आणि लिहिणाऱ्यांत आमचे पटवारीही होते. १८९१ साली जन्मलेल्या बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला 'भिवा रामजी आंबेडकर' असं चढलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर याच विदर्भातल्या वस्त्यांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, सुजाता ही नावं घरोघर आली, तेव्हा माणसांनी पहिल्यांदा नाव स्वतः निवडलं. त्यामुळं नवीन नाव ठेवणारा म्हणजे मुळं विसरलेला, असं मामाजी म्हणत असतील तर तेही मला मान्य नाही.

आता लेकींची जुनी नावं. माझ्या डोळ्यांपुढून गेलेली, जशी आठवतात तशी: सखू, रखमा, राही, जनी, मुक्ता, बहिणा, भागीरथी, गोदा, यमुना, चंद्रभागा, काशी, मथुरा, द्वारका, गिरजा, पार्वती, अनसूया, कौसल्या, द्रौपदी, सुभद्रा, तुळसा, मैना, साळू, सोना, पुतळा, शेवंता, रेणुका. यातल्या सात तर नद्या आणि तीर्थंच आहेत. ज्या बायांना आयुष्यात पंढरपूर काय, तालुक्याचं गावही दिसलं नाही, त्यांच्या गळ्यात काशी-मथुरा बांधलेली होती. रेणुका तुमच्याकडे जास्त, माहूर जवळ ना.

यातलं तुमचं, म्हणजे आपल्या मुलखाचं हक्काचं नाव कोणतं म्हणशील तर रखमा. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात. तिथून आजही पालखी पंढरपूरला जाते. बाकी महाराष्ट्राला रखुमाई ही विठोबाची बायको, आपल्याला ती माहेरवाशीण. रुक्मिणी कागदावर शोभतं, हाक मारताना रखमा होतं, लाडात रखू होतं. चंद्रभागाही असंच. लोकांना पंढरपूरची वाटते, पण चिखलदऱ्याकडून उतरून दर्यापूरकडं जाणारी एक चंद्रभागा आपलीही आहे.

आणि तुझ्या नवऱ्यासाठी एक तोड सांगतो: राही. विठ्ठलाच्या आरतीत 'राही रखुमाबाई' रोज म्हणतो आपण, पण ते नाव आहे याकडं लक्ष जात नाही. दोन अक्षरं, शाळेत कोणी चिडवणार नाही, इंग्रजीत लिहितानाही सोपं. मामाजींना ते १८९८ चं वाटेल, तुझ्या नवऱ्याला २०२५ चं. मैना आणि मुक्ताचंही तसंच. माझं मत विचारशील तर मी रुक्मिणी ठेवीन, पण मी म्हातारा आहे, आणि ती पोर माझी नाही.

अनायरा-कियाराला माझा विरोध नाही. फक्त एक परीक्षा घेऊन बघ. संध्याकाळी वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर नवऱ्याला उभं कर आणि ते नाव जोरात हाकारायला सांग. मग तेच नाव शेजारच्या म्हाताऱ्या मायला म्हणायला लाव. आपल्या तोंडी कियाराची क्यारी होईल आणि अनायराचं अनारी, ही मी पैजेवर सांगतो. शाळेतली पोरं राहीला चिडवण्याआधी क्यारीत पाणी सोडतील.

भांडण मिटवायचं तर जुन्या रीतीतच सोय आहे. पाळण्यातलं नाव एक, चालतं नाव दुसरं. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव होतं, जग त्यांना बाळ म्हणूनच ओळखतं. पाळण्यातलं नाव मामाजींना देऊन टाक. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं की कानात पहिलं नाव सासरचं, जुनं, त्यांच्या मनासारखं. ते कोणत्याही कागदावर जात नाही. चालतं नाव तू आणि तुझा नवरा ठरवा. पण कानात फुंकणार आत्या, हे विसरू नकोस. दीडशे नावांची यादी पाठवणारी नणंद नाराज राहिली तर ऐन वेळी पाळण्याखालून भलतंच नाव बाहेर येतं, हे मी दोन घरांत पाहिलं आहे. तिला आधी एकटीला बोलाव, त्या यादीतली तिची पाच आवडती काढायला लाव, आणि उकंडाची गोष्ट तिलाही सांग. तीही त्याचीच लेक आहे. तिचंही नाव उद्या कुठल्या वंशावळीत असेल-नसेल.

कागदाचं आता, कारण तिथं माझी जन्माची सवय. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. तुझी पोर बावीस दिवसांची आहे, म्हणून नोंद झाली का ते आजच पाहा. दवाखान्यात बाळंत झाली असशील तर त्यांनी केलेली असेल. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते. नाव वर्षाच्या आत फुकट चढवता येतं, पुढं पंधरा वर्षांपर्यंत फी भरून. म्हणजे बारशाची घाई नाही, भांडणाला वेळ भरपूर आहे. मात्र एकदा चढलेलं नाव बदलायला फार चपला झिजतात. आणि ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळेपासून आधारपर्यंत जन्माचा दाखला हाच मुख्य कागद झाला आहे, तेव्हा मराठीतलं शुद्धलेखन आणि इंग्रजीतलं स्पेलिंग दोन्ही स्वतः वाचून सही कर. ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीपायी माणसं माझ्या कचेरीत रडली आहेत.

आणखी एक, तुला कदाचित कोणी सांगितलं नसेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांचं सरकारी कागदावर नाव लिहिताना आधी लेकराचं, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. तुझ्या लेकीच्या नावाला लागून तुझं नाव येणार. उकंडाच्या बायकोला जो रकाना मिळाला नाही तो तुला मिळाला आहे, तर तुझं नाव त्यात नीट, पूर्ण, माहेरी ठेवलेलं की सासरचं ते ठरवून, तुझ्या आधार कार्डाशी जुळवून लिही.

राहिली ती १८९८ ची पोर. नकलेचं एकच पान तुमच्याकडं आहे. पुढच्या पाच-सहा वर्षांची पानंही मामाजींना मागून घ्यायला सांग, मृत्यूच्या रकान्यासकट, आणि त्यांचे फोटो मला पाठव, मोडी मी वाचून देतो. जन्माच्या ओळीत लेकराचं नाव नसतं, पण मृत्यूच्या ओळीत कधी कधी असतं. त्यातच छप्पनचा काळ पडतो. त्या मृत्यूच्या ओळींत 'बाप उकंडा' कुठंच सापडला नाही तर समजायचं, पोर जगली, लग्न होऊन कुठल्या तरी गावी जौजे झाली, आणि आपल्याला नाव काही मिळालं नाही. मला तेच आवडेल.

फोटो मात्र बारसं झाल्यावर पाठव, आधी नको.